बातमीआधीचा खुलासा

सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेतल्या बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि बसल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी त्या आल्या की आधी खुर्ची ओढतात, मग गुडघ्यांचं सांगतात, मग सुनेचं, आणि उरलाच वेळ तर कामाचं. आज त्यांनी उभ्याउभ्याच कागद पुढे केला.

"टेकडीच्या टाकीचे नमुने. परवा घेतलेले. पाचातले चार नापास."

"नापास म्हणजे कितपत?"

"म्हणजे गटाराचं पाणी शिरतंय कुठून तरी. आता आणखी काय सांगू, पिऊन दाखवू?" त्या म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात कोंबून साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. मीही मागोमाग गेले.

आमचं खातं पाण्याचं. शहराला पाणी द्यायचं काम आठशे माणसं करतात आणि पाणी चांगलं आहे हे सांगायचं काम मी एकटी करते. जनसंपर्क अधिकारी. सकाळी आल्या आल्या पेपरांमधली आमच्याविरुद्धची कात्रणं कापायची, वहीत डकवायची, आणि मग दिवसभर त्यांना उत्तरं द्यायची. घरचे म्हणतात, मजा आहे बाई तुझी, एसीत बसून पेपर वाचायचे. एसी दोन वर्षं बंद आहे, आणि पेपर वाचायचे म्हणजे आपल्याला पडलेल्या शिव्या कात्रीनं नीट कापून घ्यायच्या. पण ते जाऊ द्या.

या कामात आमची एक पद्धत आहे, ती सांगायलाच हवी. बातमी आली की दहा मिनिटांत खुलासा गेला पाहिजे, अशी साहेबांची शिस्त. दहा मिनिटांत आमच्याकडे चहासुद्धा येत नाही. म्हणून आम्ही खुलासे आधीच लिहून ठेवतो. तारखेच्या जागी टिंबं, पेपराच्या नावाच्या जागी टिंबं. 'दिनांक अमुक रोजी दैनिक अमुकमध्ये प्रसिद्ध झालेले वृत्त निराधार असून' इथून पुढचं सगळं तयार. बातमी छापून आली की टिंबांवर नाव भरायचं आणि धाडून द्यायचं. सहा वर्षांत मी असे दोनशे तरी लिहिले असतील. निम्म्यांची गरजच पडली नाही, कारण कुणाला पत्ताच लागला नाही. साहेबांच्या मते हे खात्याचं यश.

साहेबांना अख्खं ऑफिस मागून 'सबुरी साहेब' म्हणतं. पाइप फुटो, पंप जळो, त्यांचं एकच, जरा सबुरीनं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"जरा सबुरीनं घेऊ," ते म्हणाले. "दुसरे नमुने आज घेतलेत ना? त्यांचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी. तोवर गळती सापडेल, क्लोरीन वाढवू, लाइन धुऊन काढू. गुरुवारी मंत्री त्याच टेकडीवर नव्या टाकीचं उद्घाटन करतायत. आज आपण सांगितलं की पाणी पिऊ नका, तर परवा तिथे हार मिळायचे ते चपलांचे."

"आणि उद्या संध्याकाळपर्यंत लोकांनी काय प्यायचं?" मी विचारलं.

"परवापासून पितायतच ना? झालंय कुणाला काही?"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पाइपांच्या नकाशाकडे पाहिलं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? बाईंच्या नोकरीची दोन वर्षं उरलीत, माझ्या सतरा.

"तुम्ही दोन कागद तयार ठेवा," साहेब मला म्हणाले. "एक, बातमी फुटलीच तर. निराधार, पाणी पूर्णपणे सुरक्षित, घाबरण्याचे कारण नाही. दुसरा, उद्याचाही रिपोर्ट वाईट आला तर. खबरदारी म्हणून पाणी उकळून प्यावे. आणि हे बघा, या खोलीबाहेर एक अक्षर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही."

घरीसुद्धा नाही, हे त्यांनी सहज म्हटलं. त्यांना माहीत नव्हतं की माझी सख्खी थोरली बहीण त्याच टेकडीवर राहते आणि घरात पाळणाघर चालवते. चौदा मुलं. सहा दिवसभराची, आठ नुसती सकाळची. सर्वांत मोठं साडेतीन वर्षांचं. मुलांच्या आया विचारतात, ताई, पाण्याला फिल्टर नाही का बसवला? तेव्हा ही मान ताठ करून सांगते, "माझी बहीण पाणी खात्यात आहे. आमच्याकडे खराब पाणी येईलच कसं?"

जागेवर येऊन मी पहिला कागद लिहायला घेतला. हात आपोआप चालत होते. 'घाबरण्याचे कारण नाही' हे शब्द तर मी झोपेतही लिहीन. डोक्यात मात्र एकच भुंगा, ताईला फोन करू का? फोन उचलला. ठेवला. ताईला सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी माझं गणितात नापास होणं आईला कळायच्या आधी दूधवाल्याला कळलं होतं. आणि आता तर कुणाकुणाची पोरं तिच्या पदरात. ती गप्प बसेलच का? आणि तिनं का बसावं? पाच मिनिटांत चौदा आयांना फोन जातील, आणि त्यातली प्रत्येक जण विचारेल, तुम्हाला कुणी सांगितलं? माझी बहीण पाणी खात्यात आहे, हे तर सगळ्यांना पाठ.

इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीकडचं पाणी नासलेलं.

साडेअकरा वाजता मी जिन्यात गेले, नंबर लावला, वाजायच्या आत कापला. बाराला परत. एकदा वाटलं, कारण न सांगता नुसतं म्हणावं, ताई, आज पाणी उकळून घे हं. पण ती विचारणार, का गं? तिच्या त्या 'का गं'पुढे मला आजवर एकदाही खोटं बोलता आलेलं नाही. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. खुर्चीत बसवेना, म्हणून कात्रणांची वही घेतली आणि उभ्यानंच डकवत राहिले; एक कात्रण उलटं डकवलं गेलं, ते ओरबाडताना फाटलं. मी माझी समजूत घालत होते की एक दिवसाचा तर प्रश्न आहे. लोक धडधाकट असतात. मुलं काय मातीसुद्धा खातात. आपण आपल्याच मनाला किती तयार खुलासे देतो, तेव्हा टिंबंसुद्धा भरावी लागत नाहीत.

तीन वाजता उद्घाटनाचं निमंत्रण सगळ्या पेपरांना पाठवायचं होतं. नेहमीचं काम. त्रेचाळीस पत्त्यांची यादी, एक कागद जोडायचा, बटण दाबायचं. निमंत्रण आणि सकाळचा पहिला खुलासा, दोन्हींच्या नावात 'टेकडी' होतं आणि दोन्ही एकाखाली एक होते. मी पाठवलं तेव्हा माझा डावा हात फोनवर होता, ताईच्या नंबरावर, आणि उजवा माउसवर. कुणी काहीही म्हणो, ते चुकून झालं. मी देवाशप्पथ सांगायला तयार आहे.

सव्वातीनला फोन वाजला. पलीकडे टाचणी. हा एका पेपराचा जुना वार्ताहर. बोलतो अगदी गोड आणि प्रत्येक प्रश्नाला टोचतो, म्हणून आम्ही त्याला टाचणी म्हणतो.

"बाई, एक अडचण आहे," तो म्हणाला. "तुमचा खुलासा मिळाला. आता बातमी कुठून आणू?"

"कसला खुलासा?"

"'दिनांक टिंबटिंब रोजी दैनिक टिंबटिंबमध्ये प्रसिद्ध झालेले वृत्त निराधार असून टेकडी भागातील पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा दावा पूर्णपणे चुकीचा आहे.' बाई, असा दावा कुणी केलाय हो? मी सगळे पेपर बघितले. टिंबटिंब नावाचा पेपर तर मला ठाऊक नाही."

स्क्रीनवर पाहिलं. गेलं होतं. त्रेचाळीस ठिकाणी गेलं होतं. घाबरण्याचे कारण नाही, खाली माझं नाव, माझा हुद्दा, माझा फोन नंबर.

"मी पाच मिनिटांत फोन करते," मी म्हटलं.

"करा की. मी तोवर टेकडीवर माणूस पाठवतो," टाचणी म्हणाला आणि हसला.

साहेब स्वतः दोन मजले उतरून आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या हातात फोन होता आणि तो सारखा थरथरत होता, म्हणजे फोन, आणि साहेबही.

"हात दाखवून अवलक्षण!" ते ओरडले. "अहो, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच! न छापलेल्या बातमीचा खुलासा! जगात कुणी केला नसेल असा पराक्रम केलात तुम्ही!"

मी मान हलवली. खरंच होतं.

"लिहा ताबडतोब. तो प्रशिक्षणासाठी तयार केलेला नमुना होता, अनवधानाने पाठवला गेला."

मी लिहायला बसले. दोन ओळी झाल्या नसतील, तोच खाली चौकशीच्या खिडकीवरून निरोप आला की सगळ्या लाइनी वाजतायत. कुणीतरी पेपरवाल्यानं आमचा खुलासा लोकांना पाठवला होता आणि तो टेकडीवरच्या घराघरात पोचला होता. आमच्या शहरातल्या माणसाला दुसरं काही कळो न कळो, एवढं पक्कं कळतं की खातं घाबरू नका म्हणालं म्हणजे घाबरायची वेळ झाली. लोक टाकीवर जमायला लागले होते. कुणी बाटलीत पाणी भरून आणलं होतं आणि आमच्या पंपवाल्याला म्हणत होते, घे, तू पी आधी.

साहेब माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले.

"दुसरा कागद काढा," ते हळूच म्हणाले. "उकळून प्या तो. पण वर जोडा, 'आज दुपारी नियमित तपासणीत ही बाब नुकतीच निदर्शनास आली असून खात्याने तत्परतेने' वगैरे. नुकतीच. कळलं? सकाळचा विषय नाही. सकाळी काही झालेलंच नाही."

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. पाणी उकळा हे लोकांना कळणार, मुलं वाचणार, माझी नोकरीही राहणार. चुकीतूनच का होईना, बरं झालं. मी 'नुकतीच निदर्शनास' टाइप केलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. साहेबांसमोरच उचलला.

"शाब्बास गं माझी वाघीण!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की साहेबांनाही ऐकू गेलं असेल. "सगळी टेकडी बोलतेय. मुद्दाम पाठवलंस ना? मला कळलंच. नोकरीवर पाणी सोडलंस आमच्यासाठी!"

"चुकून गेलं गं ताई."

"हो हो, चुकून! मी नाही कुणाला सांगत." मग तिचा आवाज उतरला. "ऐक, दोघांना उलट्या होतायत. जेवण झाल्यापासून. एकाला जुलाबही. मला वाटलं काहीतरी बाधलं असेल. आता डॉक्टर आलेत इथे. ते विचारतायत, पाणी कधीपासून खराब आहे? आज अकराला मी सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलंय, नळाच्या पाण्याचं. सकाळची आठ पोरं पिऊन घरी गेलीसुद्धा. पण दुपारीच खराब झालं असेल तर त्यांना काही नाही ना गं? डॉक्टर म्हणतात, नक्की सांगा, म्हणजे त्यांनाही बोलवायचं का ते ठरवता येईल."

मागून एका पोराचं रडणं येत होतं. थकलेलं, बारीक. साहेब समोर बसून हाताच्या खुणेनं मला सांगत होते, ठेवा, ठेवा, आधी हे पाठवा.

"ताई," मी म्हटलं, "परवापासून. निदान परवापासून."

तिनं ते डॉक्टरांना मोठ्यानं सांगितलं. मग परत फोनवर आली. "परवापासून? आणि कळलं कधी तुम्हाला?"

स्क्रीनवर 'नुकतीच' होतं. नुसतं वाचून दाखवायचं होतं.

"दहाला. सकाळी दहाला."

"तुला?"

"मला."

पोराचं रडणं तेवढं ऐकू येत राहिलं, मग तेही बंद झालं. ताईनं फोन ठेवला होता.

मी 'आज दुपारी' खोडलं. 'नुकतीच' खोडलं. 'परवा घेतलेल्या नमुन्यांत सांडपाणी आढळले. खात्याला हे आज सकाळी दहा वाजता समजले. टेकडी भागातील मुलांना व वृद्धांना उलट्या-जुलाब होत असल्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.' साहेब उठून माझ्या मागे आले.

"दहा काढा," ते म्हणाले. "बाकीचं राहू द्या, पण दहा काढा. अहो, तुमचाही गळा कापला जाईल आणि माझाही."

"माझ्या बहिणीकडे दोन पोरं पडलीत, साहेब. आठ घरी गेलीत आणि त्यांच्या आयांना वाटेल, आपण वाचलो."

"सबुरीनं—"

"डोंबल्याची सबुरी!" मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला, आणि तोही चिरका निघाला. बटण दाबलं. या वेळी दोन्ही हात माउसवर होते.

पर्स घेतली आणि निघाले. साहेब मागून काय म्हणाले ते ऐकलं नाही. बसमध्ये जागा होती, पण मी उभीच राहिले. बस चढण चढत होती आणि मला वाटत होतं, उतरून पळावं, लवकर पोचेन. टेकडीच्या वळणावर टाकीपाशी गर्दी दिसली. बायका पाण्याचे मोठे डबे विकत घेऊन बसमध्ये चढत होत्या. एक जण दुसरीला सांगत होती, "त्या खात्यातल्या बाईनं मुद्दाम फोडलं म्हणे. देव भलं करो तिचं." मी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. कुणी ओळखलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

ताईच्या घरी दार उघडंच होतं. दोन आजारी पोरांना त्यांच्या आया दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. बाकीची चार चटईवर बसून ठोकळे लावत होती. ताई गॅसपाशी उभी होती आणि मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझी वेणी तिनंच घातलेली. मी आत आले तरी तिनं वळून पाहिलं नाही.

"ताई."

"चपला बाहेर काढ. पोरं खाली बसलीत."

मी चपला काढल्या. सांगायला तोंड उघडलं की फोन करायचा होता गं, दोनदा लावला, कापला. पण ते सांगून तरी काय होणार होतं? कापलेल्या फोनची पोच कुणालाच मिळत नाही.

तिनं कपाटावरून वही काढली. मुलांची नावं, आयांचे नंबर, कुणाला काय चालत नाही, सगळं तिच्या ठळक अक्षरात. आठ नावांपुढे खुणा केलेल्या होत्या.

"ही सकाळची. एक वाजता घरी गेलेली. यांच्या आयांना फोन कर."

"तू कर ना. तुला ओळखतात त्या. माझं कोण—"

"मी काय सांगू?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला चारला कळलं. तुला दहाला. ज्याला आधी कळलं त्यानं सांगायचं."

मी खाली बसले. पहिला नंबर लावला. पलीकडे शिलाई मशिनींचा खडखडाट, आणि एक बाई मोठ्यानं, "हॅलो, कोण?"

"नमस्कार. टेकडी परिसरातील पाणीपुरवठ्यासंदर्भात आपणास कळविण्यात येते की—"

"नीट बोल," ताई म्हणाली.

"मी पाळणाघराच्या ताईंची धाकटी बहीण बोलतेय," मी म्हटलं. "पाणी खात्यात असते. इथलं पाणी खराब आहे. तुमच्या मुलीनं आज ते प्यायलंय. तिला उलटी किंवा जुलाब झालेत का?"

"अहो, दोन वाजल्यापासून चालूच आहे. सासूबाईंचा फोन आला होता. मी म्हटलं ऊन लागलं असेल, सुट्टी झाली की बघते."

"सुट्टीची वाट नका बघू. आत्ता निघा. तिला दवाखान्यात न्या आणि सांगा, पाण्यातून झालंय."

"निघते, निघते." ती कुणाला तरी हाका मारत होती, मशीन बंद करत होती. मग पुन्हा फोनवर आली. "पण बाई, तुम्हाला कधी कळलं हे?"

ताई पातेल्यापाशी उभी होती. पोरांपैकी एकानं ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि सगळी हसली.

"सकाळी दहाला," मी म्हटलं. "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मशिनींचा आवाज आता लांबून येत होता, ती बहुतेक जिन्यात आली होती.

"मी तिला साडेदहाला सोडलं तिथे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ताईनं वाकून वहीत दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. मी नंबर लावायला घेतला.